अधिष्ठात्यांच्या निवृत्तीची बातमी दोन ओळींत संपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता (डीन, म्हणजे महाविद्यालयाचे आणि त्याच्या रुग्णालयाचे प्रमुख) नियत वयोमानानुसार निवृत्त झाले आणि पदभार दुसऱ्यांकडे गेला, एवढीच बातमी बहुतेक वेळा छापून येते. मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ दिले जातात आणि तो मान मनापासूनचा असतो, हे मी पाहिले आहे. पण या माणसाने शहरासाठी काय केले, ते सभागृहाबाहेर कोणाला कळत नाही. म्हणून हे पत्र.

मुंबईत शीवच्या (सायनच्या) लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात शिशू विभाग पाहत आणि पुढे तेथेच अधिष्ठाता झाल्या. शेजारी धारावी. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळे येथे मोठ्या संख्येने येत. आई आजारी असली किंवा तिला दूध उतरलेले नसले, की पावडरचे दूध आणि बाटली हाच मार्ग असे, आणि त्यातूनच जंतुसंसर्ग होऊन नाजूक बाळे दगावत. महागडी यंत्रे मागत बसण्याऐवजी या विभागाने बाटली आणि पावडर बंद केली, मातांना बाळापाशी आणले. ज्या बाळाच्या आईला दूध नाही त्याचे काय, हा प्रश्न उरलाच. डॉ. फर्नांडिस यांनी ऑक्सफर्डची मातृदुग्धपेढी, म्हणजे मातांनी दिलेले जादा दूध इतर बाळांसाठी साठवणारा कक्ष, पाहिली होती. १९८९ मध्ये तशी पेढी शीवला उभी राहिली, आशियातली पहिली. ती एका पालिका रुग्णालयात, गरिबांच्या बाळांसाठी सुरू झाली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पेढी म्हटली की लोकांना फक्त फ्रीज दिसतो. प्रत्यक्षात ज्या मातेला बाळाचे पोट भरून दूध उरते, तिच्याशी आधी बोलावे लागते. एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस यांच्या चाचण्या होतात. जमा झालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून लगेच थंड करतात, नमुन्याची जंतुतपासणी करतात, मग ते गोठवून ठेवतात. यातली एक पायरी चुकली तर सगळे वाया. शिशुदुग्ध पर्यायांच्या (पावडरच्या दुधासारख्या) जाहिरातींना आळा घालणारा कायदा देशात १९९२ मध्ये आला आणि मातृदुग्धपेढ्यांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये. शीवचा तो कक्ष या दोन्हींच्या आधी हे काम करत होता.

डॉ. फर्नांडिस तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बाळ रुग्णालयात पोहोचते तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो, म्हणून काम वस्तीतच सुरू व्हायला हवे, हे ओळखून त्यांनी १९९९ मध्ये काही सहकाऱ्यांसह ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. गरोदर बायांचे आणि मुलांचे पोषण, घरात मार खाणाऱ्या स्त्रियांना आधार, पालिकेच्या प्रसूतिगृहातून अवघड बाळंतपण मोठ्या रुग्णालयात वेळेवर पाठवण्याची साखळी ही सगळी कामे तिथून पुढे गेली. पालिकेची सेवा संपल्यावरही त्या याच कामात राहिल्या. कन्येच्या निधनानंतर तिच्या नावाने त्यांनी गंभीर आजारी रुग्णांच्या वेदना हलक्या करणारे केंद्रही सुरू केले.

शीवच्याच अधिष्ठाता राहिलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि त्यांच्या कारकिर्दीत पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव आले. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता तर १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. ही परंपरा आजच्या विद्यार्थ्यांनाही पुरती माहीत नाही.

अधिष्ठात्याच्या खुर्चीवर दोन ओझी असतात. एकीकडे परीक्षा, निवासी डॉक्टर, महाविद्यालयाची तपासणी. दुसरीकडे औषधखरेदी, बंद पडलेली यंत्रे आणि खाट न मिळालेल्या रुग्णाचे संतापलेले नातेवाईक. त्यातून वेळ काढून जो नवीन काही उभे करतो, त्याचे मोल मोठे आहे.

आपणास विनंती अशी, की यापुढे अधिष्ठाता निवृत्त होतील तेव्हा आपला वार्ताहर वॉर्डात पाठवावा. सिस्टर, आया, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर यांना विचारावे, की यांच्या काळात काय सुरू झाले आणि काय सुधारले. पालिकेलाही सांगणे आहे. असे काम एका व्यक्तीच्या जिद्दीवर सोडू नये. मातृदुग्धपेढीत मातांशी बोलणाऱ्या परिचारिकांची आणि तंत्रज्ञांची पदे रिकामी राहू नयेत, आणि एखादी सिस्टर रजेवर गेली तर त्या दिवशी दुसरी प्रशिक्षित सिस्टर तिथे असावी.

आपली नम्र,
एक निवृत्त पालिका परिचारिका, कुर्ला, मुंबई