चि. मुक्तास

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी वंदनाच्या स्टँडवर तू एक अक्षरही न बोलता शिवनेरीत बसलीस. तुझ्या प्रबंधाची, स्वभाव मोजणारी प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी असूनही मी ती हौसेने भरली. तिचे गुण जेवणाच्या पानावर सर्वांसमोर वाचून ‘नव्या अनुभवांविषयी खुलेपणा कमी, म्हणूनच बाबांची मते अशी’ असे तू म्हणालीस, ते लागले. त्याविषयी लिहायचे नाही, असे ठरवले होते.

तुझे विसरलेले झेरॉक्स वाचून काढले. खुलेपणा अधिक असलेल्यांचा कल उदारमतवादाकडे, कर्तव्यदक्षांचा थोडाफार परंपरेकडे, आणि धार्मिक माणसांत सौजन्य किंचित जास्त, असे बहुतेक पाहण्यांत आढळते, हे मला मान्य आहे. परंतु हा कल पुष्कळ जणांच्या सरासरीचा आहे. त्यावरून एकट्या बापाचा निकाल कसा लागावा? तुझे आजोबा सेवा दलाचे, आजीला कौपिनेश्वरापर्यंत पोचवून स्वतः बाहेर उभे राहणारे. पण शिस्त अशी, की कपबशा पालथ्या घालतानाही सगळे कान उजवीकडेच हवेत. त्यांना कोणत्या रकान्यात बसवले असतेस? अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या नामवंत नियतकालिकात 2012 साली आलेल्या एका लेखात तर उदारमतवादी आणि परंपरावादी यांचे आकडेच उलटे धरले गेले होते. दुरुस्ती छापली गेली 2016 मध्ये. म्हणून ज्यांचे गुण उलटे मोजायचे असतात, ते तुझे प्रश्न दोनदा तपास. पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर.

मला धास्ती घातली ती न्यूकम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासाने. 1930च्या दशकात बेनिंग्टन कॉलेजात आलेल्या, परंपरावादी घरांतल्या मुली तिथल्या वातावरणात उदारमतवादी झाल्या, आणि सुमारे 25 वर्षांनीही त्यांतल्या बऱ्याच जणी तशाच राहिल्या होत्या. तुझी मते बदलली तर बदलोत, आजोबांना आनंदच झाला असता. पण माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, असे गुणांवरून ठरवू नकोस. हेच पुन्हा लिहितो आहे, ठाऊक आहे.

प्रश्नावलीचे मराठी मात्र तू फार नेटके केले आहेस. शेजारच्या वहिनींनाही मी मुद्दाम वाचून दाखवले. झेरॉक्स कुरियरने पाठवतो. आईला फोन करशील तेव्हा मलाही दे. राजकारण नको असेल तर विजूमामाच्या रिपोर्टविषयी बोलू.

तुझे
बाबा