वरची खोली उन्हाळ्यात द्यायची का?

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बघू" म्हणतात आणि आईचा नेमका कुकर होतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. वरची खोली उन्हाळ्यात दोन मुलींना देऊया का? भाडं नाही घ्यायचं. जमलं तर रात्रीचं जेवण पण, त्याचे पैसे मी पाठवीन आणि आई, तू ते परत पाठवायचे नाहीत.

दोघी लॉ करताहेत, एक गडचिरोलीकडची, एक यवतमाळची. नागपूर जेलमधल्या कच्च्या कैद्यांच्या केसेसवर काम करणार, विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना सरकारकडून फुकट वकील देतात ते) वकिलांच्या हाताखाली. पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप कंपल्सरी आहे, पण पैसे द्यायची सक्ती कुणावरच नाही, त्यामुळे अशा कामाला तीच मुलं येतात ज्यांचं नागपुरात घर आहे किंवा वडील पीजीचं भाडं भरू शकतात. बाकीच्यांना काय कळकळ नसते का? असते हो, राहायचे वांधे असतात. पुढे तरी कुठे सोपं आहे, २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० द्या म्हणून सांगितलं, पण ती नुसती शिफारस, कोण देतंय!

बाबा, तुम्ही म्हणणार चोरांना सोडवायला आपली खोली कशाला. पण देशातल्या जेलमध्ये दर चार माणसांमागे साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा केला की नाही हे अजून ठरलेलंच नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, कलम ४७९) आधी कधीच शिक्षा न झालेला माणूस त्यातला एक तृतीयांश काळ आत काढून बसला, म्हणजे इथे १ वर्ष, तर त्याला जामिनावर सोडायचं, दुसऱ्या केसेस नसतील तर. आता ही तारीख मोजायची कोणी? त्याला लिहिता-वाचता येत नाही, वकिलाकडे फायलींचा ढीग. तिथे या पोरी लागतात.

आणि जामीन झाला तरी माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही. मग जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा म्हणून अर्ज करा, घरच्यांना शोधा, गावातल्या कुणाचा तरी नंबर काढून फोन लावत बसा. १९७८ ची मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आहे, मध्य प्रदेशातली. १०,००० चा जामीन मागितला आणि भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर मॅजिस्ट्रेटने नाकारला, का तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! सुप्रीम कोर्टात कृष्ण अय्यरांनी ते खोडून काढलं.

इथेच मला तुम्ही हवे आहात बाबा. तहसील ऑफिसात तुमचा जन्म गेला, जामीनदाराला लागणारा ऐपतीचा दाखला कसा निघतो, सात-बारावर सामाईक नाव असलं की कुठे अडतं, कोणता कागद जोडला नाही म्हणून माणसाला परत पाठवतात, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. चहा पिता पिता सांगा त्यांना. तुमचं ऐकणारं कुणीतरी मिळेल, आई तर आता ऐकत नाही.

माझं विचाराल तर मी कंपनीतच बरी आहे, कॉन्ट्रॅक्ट वाचायला मला खरंच आवडतं, त्यामुळे हे माझं राहून गेलेलं स्वप्न वगैरे समजू नका. जे करायला निघालेत त्यांचं भाड्यापायी अडू नये एवढंच.

आई, मुली रोज जेलमध्ये जाणार नाहीत, परवानगी लागते त्याला, जास्त वेळ कोर्टातच जाईल. एक मांसाहारी आहे, घरी नको असेल तर ती बाहेर खाईल, तिला चालतं म्हणाली. कूलरची मोटर गेलीय ना वरची? ती मी येऊन बदलून घेते, बाबांनी शिडीवर चढायचं नाही. रविवारी फोन करते, तोवर ठरवा आणि नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, मी दुसरी खोली बघीन.

तुमची,
पिंकी