नागपूरच्या मानेवाडा रोडवर मला पकडणाऱ्या दोन बीट मार्शल साहेबांना

हवालदार साहेब आणि तुमच्यासोबतचे ते तरुण शिपाई भाऊ, दोघांनाही नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, पण बॅटरी नक्की आठवेल. मे महिना, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू, रात्रीचे पावणेदोन, अ‍ॅक्टिवाच्या पायदानावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, तोंडाला दुपट्टा, आणि तुमची गाडी दिसल्याबरोबर घाईनं गल्लीत वळलेला माणूस. तो मी. आता लिहितानाही हसू येते, कारण तुम्ही चोर शोधायलाच निघाले असते तरी याच्यापेक्षा फिट्ट बसणारा सापडला नसता.

तुमची नावं मुद्दामच लिहून नाही राहिलो. नेमप्लेट वाचली होती, लक्षातही आहे. पण तुम्हाला न विचारता असं सगळ्यांसमोर नाव टाकणं बरं नाही वाटत, कोणत्या साहेबाला काय वाटेल सांगता येत नाही. मी दोनदा ठाण्यात येऊन गेलो, एकदा कळलं तुमची ड्युटी बदलली, दुसऱ्यांदा तुम्ही बंदोबस्ताला गेलेले. मंग म्हटलं इथंच लिहितो, तुमच्यापैकी कोणी नाही तर तुमच्या ओळखीचं कोणी तरी वाचेलच.

त्या रात्री काय झालं ते बाकीच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी वादळ आलं, आमच्या बेसा रोडकडच्या भागात लाईन गेली ती गेलीच. माझी आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असते, हवेतून ऑक्सिजन काढून देणारी पाच लिटरची मशीन, साडेतीनशे वॅटच्या आसपास खाते. घरचा इन्व्हर्टर साडेबारापर्यंत चालला आणि मंग टूं टूं करून बसला, बॅटरी जुनी झाली होती, बदलू बदलू म्हणत मीच टाळत होतो. स्पेअर सिलेंडर होता पण त्याचा काटा लालवर, तोही भरून आणायचा राहिलेला. आता याला दोष कोणाला देऊ, माझाच. हनुमाननगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं दीडशे एएचची चांगली बॅटरी आहे. बायकोला आईजवळ बसवलं आणि निघालो. बाजूच्या बिल्डिंगच्या चौकीदाराला उठवून बॅटरी गाडीवर चढवली, पन्नास-पंचावन्न किलोचं धूड ते, चादर गुंडाळली कारण अ‍ॅसिडची भीती, दुपट्टा बांधला कारण वादळानंतर धूळच धूळ उडत होती. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला कारण थोडीच दिसते, त्याला चादर आणि दुपट्टा दिसतो.

आणि तुम्हाला पाहून मी वळलो काऊन, हे मी तुम्हाला त्या रात्री खरं नाही सांगितलं. "घाबरलो" एवढंच म्हटलं. खरं असं की काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका ठिकाणी, रात्रीच मला थांबवलं होतं, कागद सगळे असूनही अर्धा तास उभं ठेवलं आणि शेवटी पाचशेची नोट पावतीशिवाय गेली. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की रात्री खाकी दिसली की रस्ता बदलायचा. तुम्ही चांगले वागले म्हणून ते पाचशे रुपये विसरलो असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशीचा हिशोब मी तुमच्या खात्यात लावत होतो आणि तिकडं आईचा श्वास मोजल्या जात होता.

गल्ली पुढं बंद निघाली, ही एक गंमतच. तुम्ही मागून आले, गाडी आडवी लावली, टॉर्च आधी माझ्या हातावर मारला मंग तोंडावर, हे मला नंतर आठवलं. पहिलं वाक्य, "दुपट्टा काढा जी." दुसरं, "चाबी काढून इकडं द्या." आवाज चढलेला नव्हता, पण ऐकावंच लागेल असा होता.

"काय आहे खाली?"

"बॅटरी आहे साहेब."

"कोणाची?"

"माझीच, दुकानातली."

"मंग पळाले काऊन?"

याला माझ्याकडं उत्तरच नव्हतं. मी आईचं सांगायला लागलो तर सगळं उलटसुलट, आधी सिलेंडर मंग वादळ मंग दुकान, तोंड कोरडं पडलेलं. शिपाई भाऊ, तुम्ही तेव्हा म्हणाले की ह्याच आठवड्यात दोन ऑटोवाले बॅटरी गेली म्हणून रडत आले होते. मला वाटलं संपलं आता, रात्रभर ठाण्यात बसतो मी.

पण हवालदार साहेब, तुम्ही जे केलं ते मी अजून लोकांना सांगत असतो. तुम्ही मला थांबवून म्हणाले, "सगळं नका सांगू, मी विचारतो तेवढं सांगा." राहता कुठं, दुकान कुठं, घरी आता कोण जागं आहे. तीनच प्रश्न. मंग म्हणाले घरी फोन लावा आणि स्पीकरवर टाका. बायकोनं उचलला, मी काही बोलायच्या आधी तुम्हीच विचारलं, "ताई, पेशंटचं ऑक्सिजन किती दाखवून राहिलं?" ती म्हणाली शहाऐंशी. मी चोर आहे का नाही हे त्या एका आकड्यावरून तुम्हाला अर्धं कळलं असेल, कारण रात्री दोन वाजता अचानक विचारल्यावर असा आकडा कोणी बनवून सांगत नाही. मंग बॅटरीच्या वॉरंटी कार्डाचा फोटो मागवला. बायकोनं अंधारात कपाट उपसून, नऊ टक्के चार्जिंग राहिलेल्या मोबाईलवरून तो पाठवला. शिपाई भाऊंनी चादर बाजूला करून टॉर्चच्या उजेडात सिरियल नंबर एकेक आकडा वाचला. जुळला. लायसन्स मी डिजिलॉकरमधलं दाखवलं, तेही चाललं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील नसतील.

आणि मंग तुम्ही मला झापलं, तेही बरोबर झापलं. "१०८ ला फोन काऊन नाही लावला? अँब्युलन्स येईल तेव्हा येईल, फोन लावून ठेवायचा आणि बॅटरीलाही जायचं, दोन्ही कामं सोबत चालतात ना बाप्पा." हे मला सुचलंच नव्हतं. माणूस घाबरला की एकाच गोष्टीमागं धावतो.

बॅटरी पायदानावर डुलत होती, तुम्ही तुमच्या गाडीला लाठी बांधायची नायलॉनची दोरी सोडली आणि बॅटरी सीटच्या खांबाला आवळून बांधून दिली. पुढं तुमची गाडी, मागं माझी, मानेवाडा चौक पार करून थेट घरापर्यंत. तिसरा मजला, लाईन नाही म्हणून लिफ्ट बंद. तुम्ही दोघांनी आणि मी ती बॅटरी जिन्यानं वर नेली, शिपाई भाऊंच्या बोटाला ओरखडा आला तेही आठवते मला. मी वायरी जोडत होतो, हात थरथरत होते, तर साहेबांनी टॉर्च धरून सांगितलं, "लाल लालला, घाई नका करू." मशीन सुरू झाली. आईनं डोळे उघडले, समोर दोन पोलीस उभे. माझ्याकडं पाहून म्हणते कशी, "काय करून आला रे तू?"

तेवढ्या अंधारातही आम्ही चौघं हसलो.

आकडा ब्याण्णववर येईपर्यंत तुम्ही थांबले. बायको पाणी आणायला गेली तेवढ्यात तुमच्याकडच्या त्या टॅबसारख्या मशीनवर ११२ चा, म्हणजे पोलीस मदतीच्या नंबरचा कॉल वाजला आणि तुम्ही पाणीही न घेता उतरून गेले. लाईन पहाटे पावणेपाचला आली, दुकानची बॅटरी तोपर्यंत कशीबशी टिकली.

मला पुष्कळ नंतर लक्षात आलं की घरापर्यंत येण्यात तुमची तपासणीसुद्धा होती. घर खरंच आहे का, पेशंट खरंच आहे का. मला याच्यात काहीच वावगं वाटत नाही, उलट तेच जास्त आवडलं. संशयही पूर्ण मिटवला आणि बॅटरीही चढवली, एकाच फेरीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही परत विचारपूस करायला आले तेव्हा मी तुम्हाला गेटवर प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आठवते? ते इथं लिहून ठेवतो, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी टाकत असते की पोलीस रात्री असतात कुठं. तर राजेहो, ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि बीटला मोटरसायकलवर दोघं असतात, यांनाच बीट मार्शल म्हणतात, आपल्याकडं काही जुनी मंडळी अजून चार्लीच म्हणतात. रात्री एटीएम, सराफाची दुकानं, पेट्रोल पंप, शाळेमागची मैदानं. शटरचं कुलूप डोळ्यानं नाही, हातानं ओढून पाहायचं, असं साहेबांनी सांगितलं. तडीपार केलेला पोट्टा गुपचूप घरी येऊन झोपला नाही ना, तेही पाहायचं. मध्येच नाईट राऊंडचे अधिकारी येऊन तपासतात की हे दोघं खरंच फिरून राहिले का. आणि याच्यात ११२ चा कॉल आला की हातातलं सोडून पळायचं. गणपती, दीक्षाभूमीचा कार्यक्रम, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, अशा वेळी याच लोकांमधून बंदोबस्तालाही माणसं जातात.

११२ चंही एक मला माहीत नव्हतं. फोन लावला की तो थेट आपल्या ठाण्यात नाही वाजत, राज्याचं मुख्य कॉल सेंटर नवी मुंबईला आहे आणि दुसरं आपल्या नागपूरलाच, तिथून शहराच्या कंट्रोल रूमला आणि मंग जवळच्या गाडीच्या टॅबवर. म्हणून समोरच्या मॅडमनं "जिल्हा कोणता, जवळची खूण काय" विचारलं तर "तुम्हाला मानेवाडा माहीत नाही का" म्हणून तिच्यावर खेकसू नये, ती कुठंही बसलेली असू शकते.

कायद्याचंही मी नंतर वाचलं, झेरॉक्सवाला आहो, वकिलांची पुस्तकं हाताखालून जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, त्याचं कलम १२४, चोरीचा वाटणारा माल जवळ सापडला आणि तो कुठून आला हे पटेल असं सांगता नाही आलं तर शिक्षा. कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद सापडण्याचं आहे आणि त्यात गुन्ह्याच्या इराद्यानं तोंड झाकणंही आहे. वाचून घाम फुटला मला. उन्हाळ्यात अर्धं नागपूर दुपट्टा बांधून फिरते ते वेगळं, पण रात्री दोनला चादरीतल्या बॅटरीसोबत तो दुपट्टा वेगळा दिसते. म्हणूनच तुम्ही आधी तो काढायला लावला.

अजून एक. मी तेव्हा हळूच विचारलं होतं की समोरचा पोलीस तुमच्यासारखा नसला तर काय करायचं. तुम्ही चिडाल वाटलं होतं. तुम्ही म्हणाले, गाडी बाजूला लावा, चाबी बंद, हात दिसू द्या, नेमप्लेट वाचून ठेवा, विचारलं तेवढं सांगा, हुज्जत नको, आणि पैसे मागितले तर शांतपणे चलान मागा, "चलान म्हटलं की निम्मे जण जाऊ देतात." हे एका पोलिसाच्या तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे माझ्यासाठी त्या पाचशेपैकी अडीचशे तरी परत आले.

आईची तब्येत आता ठीक आहे, म्हणजे आहे तशी आहे. घरी नवी बॅटरी घेतली, सिलेंडर दर महिन्याच्या एक तारखेला भरतो, वॉरंटी कार्डाचे फोटो माझ्याही मोबाईलमध्ये आहेत. मागच्या महिन्यात रात्री अकराला दुसऱ्याच एका जोडीनं थांबवलं, मी दुपट्टा आधीच खाली केला, तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि "चला" म्हटलं. आई अधूनमधून विचारते, ते दोघं परत नाही का आले रे. तिला वाटते पाव्हणे होते.

आणि साहेब, तुमची दोरी माझ्याकडंच राहिली. निळी, एका टोकाला जळलेली गाठ आहे. दुकानात काउंटरच्या बाजूच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे, गिऱ्हाईक विचारते हे काय, तर मंग हीच सगळी कथा सांगावी लागते. तुकडोजी पुतळ्याकडून आत आलं की उजव्या हाताला दुकान आहे, सकाळी नऊ ते रात्री नऊ. समोर तर्रीपोह्याचा ठेला लागतो, तो मात्र अकरापर्यंत संपते, तेवढं पाहून या.

तुमचा,
चादरवाला