‘यकृत पुन्हा वाढते’ एवढेच छापू नये

संपादक महोदय,

अवयवदानाच्या बातमीत ‘यकृत पुन्हा वाढते’ हे वाक्य हमखास असते. ते खोटे नाही, पण तेवढ्यावरच सोडले की वाचणाऱ्याला पालीची शेपटी आठवते. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी वाढतात, विभागतात आणि वजन भरून काढतात. मूळची ठेवण काही परत येत नाही. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ सालीच उंदरांचे दोन तृतीयांश यकृत काढून ही भरपाई मोजली होती.

प्रत्यारोपणात प्रकरण आणखी अवघड होते. काढलेले यकृत थंड द्रावणात ठेवतात. तेव्हा पेशींची ऊर्जा संपत आलेली असते, पण मोठा घाव बसतो तो रक्त पुन्हा सुरू झाल्यावर! ऑक्सिजन एकदम मिळाला की त्यातून मारक रेणू तयार होतात, यकृतातल्या कुप्फर पेशी (तिथल्या संरक्षक पेशी) चवताळतात आणि दाह सुरू होतो. मग हा दाह औषधाने दाबून टाकावा, असे कोणालाही वाटेल. पण त्याच पेशींतून निघणारे इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन वाढीचा इशाराही देते. त्याचे जनुक नसलेल्या उंदरांत यकृताची भरपाई रखडते, हे १९९६ मध्ये दिसले. म्हणजे दाह किती दाबायचा आणि नेमका कधी, हा खरा प्रश्न आहे. जिवंत दात्याकडून मिळालेला तुकडा रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्क्यांहून लहान असेल तर धोका वाढतो. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताचा सगळा लोंढा त्या इवल्याशा तुकड्यावर कोसळतो, आणि त्याला काम सांभाळूनच वाढायचे असते.

२०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात २२० प्रत्यारोपणांची चाचणी प्रसिद्ध झाली. यकृत बर्फात न ठेवता शरीराच्या तापमानाला यंत्रावर रक्त खेळवत ठेवले, तर रक्तात उतरलेल्या विकरांवरून (एन्झाइम) मोजलेली यकृताची इजा निम्म्यावर येते, असे तीत आढळले. रुग्णांच्या जगण्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मथळा कोणत्या वाक्याचा होतो, हे आपण जाणताच.

तेव्हा प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर आणि मोजले काय, एवढे तरी बातमीत असावे. दात्याचा मृत्यू क्वचित होतो, पण होतो. पित्तगळती त्याहून जास्त वेळा होते. ‘दाता लवकरच ठणठणीत’ असे छापाल, तेव्हा हेही त्याच रकान्यात येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक