दोन तारा पुरतात

पुणे, १४ जानेवारी

प्रिय विन्या,

परवा माळा आवरताना तुझी गिटार सापडली. दोन तारा तुटल्यात, मधल्या मात्र शाबूत. हात शिवशिवले आणि अर्थातच ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवलं. होस्टेलात त्यापायी दारावर किती चपला आल्या, आठवतंय? ते गाणं रेकॉर्ड होतानाही दार वाजतच होतं रे. फक्त बाहेर पोलीस होते!

डिसेंबर १९७१. हे गाणं ज्यांचं, त्या डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची मंडळी स्वित्झर्लंडात माँत्रोला उतरली होती. रोलिंग स्टोन्सचा ट्रकमधला स्टुडिओ भाड्याने आणलेला, रेकॉर्डिंग तिथल्या कॅसिनोत करायचं. ४ तारखेला तिथे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम होता, तो उरकला की जागा यांची. तर प्रेक्षकांतल्या कुण्या महाभागाने फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल) छताकडे झाडली आणि अख्खा कॅसिनो बेचिराख. तिथला जाझ महोत्सव भरवणारा क्लॉद नोब्स पोरांना ओढून बाहेर काढत होता. सुदैवाने कुणी दगावलं नाही. हे लोक हॉटेलातून तळ्यावर पसरणारा धूर बघत बसले.

मग पॅव्हिलियन थिएटर मिळालं. तिथे रात्री बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर याची ती रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) सुरू झाली आणि शेजारपाजारचे उठून बसले. पोलीस आले. सामान वाहणाऱ्या पोरांनी आतून दार दाबून धरलं, तेवढ्यात टेक पुरा झाला. जागा गेली ती गेलीच.

शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बाकीचा अल्बम केला. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या, बर्फ तुडवा. कंटाळून त्यांनी ऐकणंच सोडलं!

अल्बम काही मिनिटांनी कमी पडला, तेव्हा पॅव्हिलियनमधला तो बिनशब्दांचा ट्रॅक आठवला. शीर्षक बँडचा बास गिटारवाला रॉजर ग्लोव्हर याला आगीनंतर झोपेतून उठता उठता सुचलं होतं. त्याला धास्ती, लोकांना हे नशेचं गाणं वाटेल. मग त्याने आणि गायक इयान गिलनने घडलं तसं लिहून काढलं. गाणं कसलं, पंचनामाच तो! बँडची भिस्त अल्बममधल्या ‘नेव्हर बिफोर’ या दुसऱ्याच गाण्यावर होती. हे सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, आलं थेट १९७३ मध्ये, आणि अमेरिकेत चौथ्या नंबरावर गेलं.

आता खरी गंमत. ब्लॅकमोर ती रिफ पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवतच नाही. दोन तारा एकदम, बोटांनी खेचतो. आपण एका तारेवर पिक घासत बसलो, आणि तू त्याचे ज्युनिअर्सकडून चहाचे पैसेही घेतलेस!

रविवारी ये. खालचे काका घरी असतात, चपलेची सोय आहे.

तुझा,
बाळ्या