शांतता समितीची बैठक सण नसताना घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या तोंडावर झालेल्या शांतता समितीच्या बैठकीचा फोटो आपल्या अंकात पाहिला. मधे साहेब, दोन्ही बाजूंना पुष्पगुच्छवाले, मागे बॅनर आणि खाली ओळ : ‘पोलीस व जनता यांच्यात समन्वय’. फोटोतले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे आहेत. दर वर्षी तेच असतात, फक्त केस पांढरे होत चाललेत. यातल्या दोघा-तिघांच्या मोहल्ल्यात रात्री काही झालं तर त्यांना ते सकाळी मोबाइलवर कळेल, कारण ते आता कल्याण रोडच्या टॉवरमध्ये राहतात. गाडीच्या काचेवर ‘शांतता समिती सदस्य’ अशी लाल अक्षरांची पट्टी मात्र आहे.

मी भिवंडीचा. यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होतो. ताक्यांचा हिशेब, कामगारांची उचल, सायझिंगची बिलं यातच उभा जन्म गेला. 1988 मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांच्या काळात मोहल्ला कमिट्या, म्हणजे मोहल्ल्यातले लोक आणि पोलीस यांच्या समित्या, निघाल्या. आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीत मीही होतो. म्हणून हे लिहितो आहे.

त्या कमिट्यांविषयी पुष्कळ छापून आलं. त्यात बहुतेक ठिकाणी ‘दोन्ही समाजांना एकत्र आणलं’ एवढंच असतं. अहो, एकत्र तर आम्ही रोजच होतो. मालक मोमीन, जॉबर, म्हणजे माग बघणारा मुकादम, पद्मानगरचा तेलुगू, मागावर उत्तर प्रदेशातले कामगार, हिशेबाला मी. एका किटलीतला चहा सगळे प्यायचे. तरीही 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, ती जळगाव आणि महाडपर्यंत गेली, चौकशीला मादन आयोग बसला. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा शेजारी असणं, एका छपराखाली काम करणं, एवढ्याने काही होत नाही, हे भिवंडीइतकं कुणाला कळलेलं नसेल. कमी होता तो वेगळाच माणूस : भांडण लहान असतानाच ते निस्तरणारा आणि दोन्ही बाजूंना आपला वाटणारा पोलीस.

एक प्रसंग सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. पाणी पहाटे यायचं, तेही जेमतेम. एका हाताला आमची चाळ, दुसऱ्या हाताला मुसलमान वस्ती. हंड्यांची रांग रात्रीच लागायची. हंडा ठेवून माणसं झोपायला जायची आणि पहाटे आपला हंडा मागे सरकवलेला दिसला की तोंडं सुटायची. एकदा झटापटीत कळशी लागून एका बाईचं कपाळ फुटलं. चार टाके पडले. सकाळी नऊच्या सुमारास मी कारखान्यात पोहोचलो तर तिथे बातमी माझ्या आधी आलेली, आणि तिच्यातून नळ गायब झालेला. ‘त्यांनी आपल्या बाईला मारलं’ एवढंच उरलं होतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर आली होती.

आमच्या कमिटीला जोडून दिलेला फौजदार आला. पोरसवदाच होता, देशावरचा. कपाळ फुटलेल्या बाईची तक्रार त्याने आधी स्वतंत्र लिहून घेतली, तिला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. ‘हे कमिटीचं काम नाही, हे माझं’ असं आमच्या तोंडावर सांगितलं. मग डेअरीसमोरच्या बाकड्यावर बसून त्याने विचारायला सुरुवात केली. कुणी मारलं ते नाही. पाणी किती वाजता येतं? किती वेळ टिकतं? घरं किती, हंडे किती? व्हॉल्व्ह कोण सोडतो? आमचे काही म्हातारे वैतागले. म्हणाले, हा पोलीस आहे की नळवाला?

संध्याकाळी पाणी खात्याच्या माणसाला त्याच बाकड्यावर बसवलं. उलगडा असा झाला की व्हॉल्व्ह उघडायला उशीर होत होता, आणि नळ एकच असल्यामुळे सगळी गर्दी तिथे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नळ द्यायचं ठरलं. कुणीतरी लगेच बोललं, बरं झालं, एक त्यांचा आणि एक आपला. फौजदार म्हणाला, नाही. नळ वाटायचे ते घर नंबरावर. त्यामुळे आमच्या चाळीतली काही बिऱ्हाडं त्या टोकाच्या नळावर गेली आणि तिकडची काही आमच्याकडे आली. रांग हंड्याने नाही, माणसाने लावायची, असंही ठरलं. ते पाळायला दोन्हीकडच्या चार बायका नेमल्या, आणि त्या आम्हा पुरुषांपेक्षा फार कडक निघाल्या. काही दिवसांनी फौजदार पहाटेच्या अंधारात एकटाच येऊन नळापाशी उभा असलेला मी स्वतः पाहिला. ठरलेलं चालतंय का बघायला आला होता. ना फोटोवाला बरोबर, ना गाडीचा दिवा.

अमेरिकेत हर्मन गोल्डस्टाइन नावाच्या प्राध्यापकांनी 1979 मध्ये मांडलं होतं की पोलिसांनी घटनेमागून घटना निस्तरत धावण्यापेक्षा त्या पुन्हा पुन्हा का घडतात ते शोधावं. आमच्या फौजदाराने ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण करत होता तो तेच.

असल्या नळ-गटारांच्या भांडणांचं दंगलीशी काय नातं, असं कुणी विचारेल. 6 डिसेंबर 1992 चा रविवार. अयोध्येत बाबरी मशीद पाडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. त्यानंतरच्या एका रात्री आमच्या गल्लीत आवई उठली की वंजारपट्टी नाक्याला ट्रक लागलाय, त्यातून माणसं उतरवताहेत. गच्च्यांवर दगड जायला लागले होते. आमच्या मोहल्ल्याच्या हवालदाराने गस्तीची गाडी मागवून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा भोंगा फिरवला असता तर एकाने ऐकलं नसतं. त्याने काय केलं, आमच्यातला एक आणि समोरच्या वस्तीतले दूधवाले चाचा अशा दोघांना एका स्कूटरवर बसवलं आणि स्वतः मोटरसायकलवर मागे गेला. ट्रक होताच. सुताचा होता, बिघडून उभा. परत येऊन चाचांनी आमच्या गल्लीत सांगितलं आणि आमच्या माणसाने त्यांच्या. उलट नव्हे, हे लक्षात घ्या. तासाभरात दगड खाली आले. हे दोघंही नळाच्या भांडणात कमिटीसमोर कडाकडा भांडलेले होते. म्हणून तर एकमेकांना ओळखत होते.

मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत, चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने, 900 माणसं मेली. दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते, तरी घडी टिकली होती. सगळं श्रेय कमिट्यांना द्यावं असं मी म्हणत नाही. बंदोबस्तही होता, आणि 84 ची आठवण प्रत्येक घरात ताजी होती. पण मुंबईने नंतर काय उचललं ते पाहा. सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये तिथेही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामनेसुद्धा झाले.

आणि हीच भिवंडी 5 जुलै 2006 ला कुठे गेली? कब्रस्तानालगतच्या जागेवरच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव रस्त्यावर आला. पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले, जमावाने दोन पोलिसांना मारलं. जागा कुणाची, चूक कुणाची, त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसांत आमच्या गल्लीत मी चार जणांना विचारलं, कमिटीची शेवटची बैठक कधी झाली होती? कुणालाही सांगता आलं नाही.

आता आजचं. आमच्या मागे एक मागाचा कारखाना बंद पडलाय. मालक गेले, पोरांनी पत्रे विकले, भिंती उभ्या आहेत. संध्याकाळनंतर तिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं जमतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं सकाळी झाडणारीला सापडतात. समोरचा विजेचा खांब पावसाळ्याच्या आधीपासून बंद. शिवणकामाला जाणाऱ्या मुली लांबच्या रस्त्याने वळसा घालून घरी येतात. हे सगळं आमच्या हद्दीतल्या नागरिक-पोलीस व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटोसकट टाकलं. उत्तर काय आलं? अंगठा. त्यानंतर कुणीतरी ‘सुप्रभात’ टाकलं, कुणी साहेबांच्या वाढदिवसाचा केक, आणि माझा खांब वर सरकून गेला. एक-दोनदा गाडी आली, पोरं पळाली, गाडी गेली, पोरं परत आली. बीटवरच्या, म्हणजे आमचा भाग नेमून दिलेल्या, हवालदारालाही मी दोष देत नाही. बिचारा एका आठवड्यात कोर्टाचं समन्स, व्हीआयपी बंदोबस्त आणि मोर्चा करून येतो. त्याला आमच्या गल्लीचं नाव पाठ होईस्तोवर दुसरा हवालदार हजर.

बदल्यांचं दुखणं काही आज कळलेलं नाही. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नका म्हणून सांगितलं. 2014 मध्ये आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली, तिच्यात ठाण्यातल्या फौजदार-इन्स्पेक्टरला दोन वर्षं आणि शिपाई-हवालदाराला एका जागी पाच वर्षं अशी सर्वसाधारण मुदत आहे. पण हवालदार कागदोपत्री पाच वर्षं त्याच ठाण्यात असला आणि बीट दर चार महिन्यांनी बदललं, तर आमच्या दृष्टीने ती बदलीच. केरळात 2008 पासून जनमैत्री योजना चालते. तिच्यात बीटवरच्या पोलिसाने घरोघर जाऊन ओळख करून घेणं हेच मुळी त्याचं काम धरलेलं आहे. आपल्याकडे ते काम उरलेल्या वेळात करायचं असतं, आणि वेळ उरत नाही.

समित्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी भाबडा ठरेन. समिती म्हटली की तिच्यात मांडवली करणारे शिरतात. ठाण्यात ओळख आहे म्हणून दोन्ही बाजूंकडून पैसे घेणारे मी पाहिलेत. 15 ऑगस्ट 2007 ला सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. कल्पना उत्तम, बांधावरचे आणि वाटपाचे कितीतरी तंटे मिटले. पण बहिणीच्या गावात एक सून मार खाऊन माहेरी आली, तेव्हा गावाला बक्षीस मिळायचं आहे, तक्रार करू नकोस, म्हणून चार प्रतिष्ठित तिच्या बापाच्या ओट्यावर येऊन बसले होते. याला मी तंटा मिटवणं म्हणणार नाही. दखलपात्र गुन्हा कळला की तो नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात 2013 मध्ये सांगून टाकलंय. पार्किंग, कचरा, भोंगा, नळ, मिरवणुकीचा रस्ता हे समितीसमोर यावं. बाईला मारलं, पोरीला छेडलं, कुणाला जातीवरून हाणलं, ते ठाण्याच्या वहीतच जावं. आमच्या त्या फौजदाराने कळशीची तक्रार आणि नळ यांत जी रेघ ओढली होती, ती आज ओढणारा अधिकारी मला दाखवा.

आमच्या पोलीस अधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून एवढंच सांगायचं आहे, की पुढची बैठक गणपती, ईद, शिवजयंती यांतलं काहीही जवळ नसताना ठेवा. मार्गशीर्षात ठेवा. विषय ठाण्याने ठरवू नये, मोहल्ल्याने द्यावेत, आणि ते वहीत उतरवून पुढच्या बैठकीत आधी मागची वही वाचावी : काय झालं, काय नाही झालं, का नाही झालं. मेहतागिरीत मी एवढं शिकलो की मागची बाकी पुढे ओढली नाही तर हिशेब कुणाला द्यावाच लागत नाही. विषय विजेचा असेल तर वीज कंपनीचा माणूस बैठकीत हवा, पोलिसांच्या हातात खांब नसतो. सदस्य दर दोन वर्षांनी बदला. काचेवरच्या पट्ट्या आधी काढून घ्या. निदान तिसरा हिस्सा बायका हव्यात, आणि त्या नगरसेवकांच्या नात्यातल्या नकोत.

बैठक दुपारी चारला आणि हॉटेलच्या हॉलमध्ये नको. आमच्याकडे पाळी बारा तासांची, आठ ते आठ. चारला मागावरचा माणूस येणार कसा? सुट्टीच्या वारी, गल्लीतच, शाळेच्या पटांगणात घ्या. खुर्च्या आम्ही आणतो.

आपला,
एक निवृत्त मेहता, भिवंडी
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, तो छापू नये ही विनंती.)