वर्कशॉप चालवायला द्या, पण ड्रॉइंग आपल्याकडं ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाच्याच्या शॉपमध्ये चहाला बसलो होतो, तिथं विषय निघाला की आता लष्कराच्या गाड्या, तोफा, रणगाडे यांची दुरुस्तीपण खाजगी कंपन्यांना देणार, पीपीपी म्हणजे सरकार-खाजगी भागीदारी करणार वगैरे. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणतोय देश विकायला काढला, दुसरा म्हणतोय बरं झालं की, आपल्याला काम मिळंल. मी २२ वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात काढलेला माणूस, व्हेईकल मेकॅनिक, क्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि हवालदार होऊन पेन्शन आलो, म्हणून दोघंपण माझ्याकडं बघायला लागले. तिथं बोलणं अर्धवट राहिलं, बाकीचं इथं लिहितोय.

ज्यांच्या घरात कोण फौजेत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (आमच्या खानापूर तालुक्यात असं घर शोधायला लागतंय ते वेगळं). गाडी बिघडली की पहिल्यांदा पलटणीसोबतची एलएडी, म्हणजे मेकॅनिकांची लहान तुकडी बघते, तिथं जमलं नाही तर फील्ड वर्कशॉप, आणि इंजिन, गिअरबॉक्स सगळं खोलून नव्यासारखं करायचं असलं की बेस वर्कशॉप. खडकी, मेरठ, आग्रा, जबलपूर अशा ठिकाणी ही बेस वर्कशॉपं आहेत आणि तिथं वर्दीवाल्यांपेक्षा सिव्हिलियन मिस्त्रीच जास्त. खाजगीची चर्चा आहे ती मुख्य करून या शेवटच्या पायरीची. लष्कराची लढाऊ ताकद वाढवून खर्च आटोक्यात कसा ठेवायचा हे बघायला नेमलेल्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीचा रिपोर्ट २०१६ च्या शेवटाला आला, त्यातल्या ९९ पैकी ६५ शिफारशींना संरक्षण मंत्रालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये मंजुरी दिली, ५७,००० जागा इकडच्या तिकडं करायचं ठरलं, त्यात वर्कशॉपं पण होती. शेड, मशीन, जमीन सरकारची आणि चालवायचं ठेकेदारानं, याला गोको म्हणतात. शब्द ऐकून कोको प्यायल्यासारखं वाटतंय, पण आहे तसं.

मी याच्या विरोधात नाही हे आधी सांगतो. सरकारी म्हणजे सगळं चोख असं कुणी मला शिकवू नये, गॅस्केट किटच्या इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) सही व्हायची म्हणून इंजिनं महिने महिने स्टँडवर तशीच बसलेली मी बघितलीत, आणि टाट्राचे ट्रक १९८६ पासून सरकारी कंपनीतर्फेच येत होते, २०१२ ला त्यावरनं लाचेच्या आरोपाचं काय गाजलं ते सगळ्यांनी वाचलंय. आपल्या बेळगावला पण खाजगी ऑपरेटर काय नवीन नाही, २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं ते तसंच आलं. तिथं निदान मोजता येत होतं, नळ उघडला की पाणी आहे का नाही ते बाईमाणसाला पण कळतंय. लष्करात पण तसंच मोजा की. २०१६ च्या राफेल करारात अशी अट घातली होती की ३६ विमानांपैकी किमान ७५ टक्के उडायला तयार असली पाहिजेत, म्हणजे किती नट बदलले त्याचं बिल नाही, तयारीचे पैसे. ट्रकला आणि रणगाड्याला हेच लावा, मग ठेकेदार स्वतःच चांगला पार्ट घालतोय का नाही बघा.

माझा मुद्दा पुढचा आहे.

भाच्याच्या मित्राकडं खोदकामाचं मशीन आहे, कंपनीचं नाव नको. गेल्या पावसाळ्यात नंदगडजवळ कामावर असतानाच बंद पडलं. बिघाड कळला, सेन्सर गेला होता, नवीन सेन्सर पण मिळाला, घातला, तरी मशीन चालू होईना, का तर कंपनीच्या माणसानं लॅपटॉप जोडून कोड घातल्याशिवाय ते पार्ट ओळखतच नाही. माणूस आला अकराव्या दिवशी. पाच मिनिटांचं काम. आता हेच डोळ्यासमोर ठेवून बघा, मशीनच्या जागी तोफ ओढणारी गाडी आणि नंदगडच्या जागी पूर्व लडाख.

बोफोर्सचं काय झालं ते आठवा. १९८६ ला ४१० तोफांचा करार झाला, मागनं दलालीचं प्रकरण निघालं, कंपनीशी व्यवहार तुटला आणि स्पेअरचे हाल सुरू झाले, एका तोफेचे पार्ट काढून दुसरीला लावायचे. त्याच तोफांनी १९९९ ला कारगिलमध्ये काम केलं हे आपल्या पोरांचं आणि मेकॅनिकांचं कौतुक. खरं गंमत पुढं आहे, त्या करारात टेक्नॉलॉजीची कागदपत्रं, ड्रॉइंगं पण आली होती, ती वर्षानुवर्षं तशीच पडून, आणि शेवटी त्यांच्याच आधारावर जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत धनुष तोफ तयार झाली, पहिल्या ६ लष्कराला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे कागद हातात होता म्हणून निदान उशिरा का होईना काहीतरी झालं. कागदच नसता तर? म्हणून पीपीपीच्या करारात सगळ्यात आधी हे लिहून घ्या की ड्रॉइंग, सॉफ्टवेअरचा कोड, टेस्ट बेंचची माहिती ठेका संपला तरी लष्कराकडं राहणार. पहिल्या वर्षी कंपनी याचे जास्त पैसे मागेल, द्या. नंतर मागायला गेलं तर ती सांगंल तो भाव.

दुसरं, माणसं. बेस वर्कशॉप म्हणजे नुसती दुरुस्तीची जागा नव्हं, ती शाळा आहे. सिकंदराबादला आम्हाला ट्रेडचं शिकवलं खरं, पण इंजिनचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग चाललाय हे मला एका बेस वर्कशॉपातल्या सिव्हिलियन उस्तादानं शिकवलं, शिव्या घालून शिकवलं. उद्या ती शेड ठेकेदाराकडं गेली की आत त्याची पोरं कॉन्ट्रॅक्टवर, आणि वर्दीतला क्राफ्ट्समन गेटवर पास दाखवून गाडी सोडून परत जाणार. मग पुढं फील्डमध्ये हात कुणाचा चालणार? माझ्या वेळेला एका इंपोर्टेड जनरेटरसाठी कंपनीचा इंजिनिअर लेहपर्यंत विमानानं आला, हॉटेलात राहिला आणि तिथनं पुढं आमचा इन्शुरन्स नाही म्हणाला. त्याचं काय चुकलं? त्याच्या ऑफर लेटरमध्ये पुढं जायचं लिहिलंच नव्हतं. पुढं आम्ही गेलो. त्यात आता अग्निवीर, चार वर्षांनी शंभरातले पंचवीस राहणार, आणि मेकॅनिकचा हात बसायलाच दोन-तीन वर्षं जातात. ठेक्यात अशी अट पाहिजे की शेडमध्ये ठराविक जागा लष्कराच्या मेकॅनिकांना, नुसतं बघायला नाही, स्पॅनर हातात घेऊन. अमेरिका एवढी खाजगीवाली, तिथंसुद्धा कायदा आहे की डेपोच्या, म्हणजे आपल्या बेस वर्कशॉपसारख्या दुरुस्तीवर वर्षाला जेवढा पैसा खर्च होतो त्यातला निम्म्यापेक्षा जास्त ठेकेदारांना देता येत नाही. आपण तसला आकडा कुठं तरी लिहून ठेवलाय का, हे आपल्या खासदारांनी एकदा विचारावं.

आता उद्यमबागेचं, कारण त्याशिवाय भाचा मला परत चहा देणार नाही. कास्टिंग, मशीनिंग, हायड्रॉलिकचं काम बेळगावला पिढ्यान्‌पिढ्या चालतंय, हत्तरगीला तर विमानांचे पार्ट बनतायत. तरी टेंडर उघडून बघा, टर्नओव्हरची अट अशी असते की चार मोठ्या कंपन्या सोडून बाकी सगळे बाहेर, मग तीच मोठी कंपनी काम घेते आणि तोच पंप, तोच शाफ्ट आमच्याच गल्लीत करायला देते. लहान शॉपवर विश्वास नको असेल तर इन्स्पेक्शन कडक करा, जरूर करा. धनुषसाठीच्या चिनी बेअरिंगवर जर्मनीचा शिक्का मारून माल दिल्याचा गुन्हा सीबीआयनं २०१७ ला नोंदवला तो विसरू नका. पण दार तर उघडा.

आणि पैशाचं. कायद्यानं लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत मिळायला पाहिजे. भाच्याला एका मोठ्या कंपनीकडनं मागच्या कामाचं बिल नवव्या महिन्यात मिळालं, ते पण कापून, आणि विचारलं तर पुढची ऑर्डर पाहिजे का नको असं उलट ऐकवलं. ‘हे पण पत्रात घाल मामा’ असं भाचा म्हणाला, घातलं.

आपला,
एक निवृत्त ईएमई हवालदार, खानापूर तालुका, जि. बेळगाव